आधी पुडी, मग कार्ड

माझ्या उभ्या आयुष्यात मी सरकारकडे एकच तक्रारअर्ज केला, आणि ज्याच्याविरुद्ध केला त्या गृहस्थानेच त्यावरचा पत्ता दुरुस्त करून तो रवाना केला. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे! मला त्या दिवशी इतका संताप आला होता, की घरी येऊन मी पगडी खुंटीला लावायची सोडून पाण्याच्या घंगाळात टाकली.

ते आमच्या गावचे पोष्टमास्तर. गाव खाडीकाठचं, कल्याणपासून दोन कोसांवर, आणि मी तिथे मिठाच्या चौकीवर कारकून. पोष्ट म्हणजे एका वाण्याच्या घराची ओटी. तिला फळ्यांचा आडोसा केलेला, आडोशात हातभर खिडकी, खिडकीला तीन गज. त्या गजांमागे मास्तर बसत. उंच, वाळलेले, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि उजव्या हाताच्या बोटांना कायमचा डिंक. वय पन्नाशीचं. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, मागच्या खोलीत एकटे शिजवून खात. त्यांचं पुरतं नाव पगारपत्रक लिहिणाऱ्याला ठाऊक असेल. गावाला ते नुसते मास्तर.

मास्तरांना एक खोड होती. हाती येईल ती वस्तू ते तळहातावर घेत, डोळे मिटत आणि वजन सांगत. पोष्टात सरकारी काटा होता, पण तो आपला साक्षीला. पाकीट तळहातावर आलं की मास्तर म्हणत, "पाऊण तोळा." मग ते काट्यावर टाकायचं, काट्याने कबूल केलं की मग तिकीट. ही खोड पोष्टाबाहेरही सुटत नसे. मुंजीच्या पंगतीत पानात लाडू पडला की तो उचलून तोलायचे. "सव्वापाच तोळे. पलीकडच्या ओळीत साडेपाचाचे वाढलेत," असं ऐन पंगतीत म्हणायचे आणि यजमानाचं तोंड एवढंएवढंसं व्हायचं. माझ्या नव्या वहाणासुद्धा त्यांनी एकेक करून तोलल्या आणि डावीत कातडं कमी आहे म्हणून सांगितलं. चांभाराला जाऊन विचारलं तर तो खाली मान घालून गप्प! गावातले टवाळ मुद्दाम त्यांच्या हातावर खडे नि सुपाऱ्या ठेवून बघत. मास्तर चुकलेले मी तरी पाहिले नाहीत.

दुसरा छळ पत्रं देण्याचा. आमच्याकडे पाच गावांना मिळून एक टपालवाला. तो आठवड्यातून दोनदा फिरायचा आणि कुणाचं पत्र कुणाच्या ओटीवर टाकून मोकळा व्हायचा. म्हणून शहाणी माणसं आपलं पत्र खिडकीवर जाऊन घेत. तिथे मास्तर विचारत, "नाव?"

"अहो मास्तर, मी! मिठाच्या चौकीवरचा!"

"नाव विचारलं."

"काल तुमच्या शेजारी पाटावर बसून जेवलो की हो सत्यनारायणाला!"

"जेवणारा कोण ते मला माहीत आहे. पत्र घेणारा कोण?"

मग निमूटपणे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव सगळं सांगायचं. पाच वर्षं दर खेपेला मी ते सांगितलं. एकदा चिडून आजोबांचंही सांगितलं, तर म्हणाले, "त्यांचं पत्र नाही."

हे सगळं मी सोसलं असतं. पण मग पुड्या आल्या.

हिंवताप आमच्याकडे घरचाच. पावसाळा सरला की आश्विनात घरोघर हुडहुडी भरायची, गोधड्या कमी पडायच्या. सरकारने त्यावर कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या काढल्या आणि त्या पोष्टाच्या खिडकीवर पैसा पैशाला विकायला पाठवल्या. बाकीच्या पोष्टांत त्या फळीवर धूळ खात पडल्या. आमच्याकडे नाही! आमच्या मास्तरांनी त्या जिभेवर घेतल्या. सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर स्वतः एक पुडी तोंडात टाकायचे. कडूजहर औषध ते, पण चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. मग गिऱ्हाइकाकडे बघून म्हणायचे, "बोला. आधी पुडी, मग कार्ड."

पुडी घेतल्याशिवाय कार्ड नाही, तिकीट नाही, मनीऑर्डर नाही. सरकारी हुकूम कुठला आलाय असला! पण भांडायचं कुणाशी? दुसरं पोष्ट दोन कोसांवर.

मिठागराच्या मुकादमाची आई मात्र भांडायची. तिला सगळं गाव बाय म्हणे. तिचा धाकटा लेक मुंबईला गोदीत, त्याला ती माझ्याकडून महिन्याला कार्ड लिहवून घ्यायची. खिडकीशी येऊन कमरेवर हात ठेवायची.

"मास्तर, मना कारड पायजे. दवा कोनी मांगली?"

"बाय, आधी पुडी."

"मना काय झायलंय दवा खायाला? तुमीच खा नि तुमच्या सायबाला घाला!"

"साहेबाला लागेल तेव्हा साहेब घेईल. तुम्ही घ्या."

शेवटी शिव्या देत ती घ्यायची आणि कनवटीला खोचून चालू लागायची. बाकीचे कुणी कोनाड्यात टाकत, कुणी तिथेच कुंपणात भिरकावून देत. पोष्टासमोरच्या निवडुंगात त्या पांढऱ्या पुड्या अडकलेल्या असायच्या. मीही त्यांतलाच. चारपाच पुड्या मी मास्तरांच्या डोळ्यांदेखत भिरकावल्या. ते नुसते बघत राहिले, आणि पुढच्या खेपेला पुन्हा, "आधी पुडी!" गाव म्हणे त्यांना यात कमिशन आहे. होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही.

आणि त्याहून मोठी अडवणूक नॉटपेडची. तिकीट न लावता पत्र टाकलं की ते नॉटपेड. ज्याला आलं त्याने दुप्पट भरून सोडवायचं, नको असेल तर नाकारायचं, मग ते आलं तसं परत. आता आपली माणसं काय सोडतात! त्यांनी ह्यातून फुकटाची वाट काढली होती. पाकिटाच्या कोपऱ्यावर ठरलेली खूण करायची आणि आत कोरा कागद घालायचा. समोरच्याने खूण बघायची, खुशाली समजली, आणि "नको बुवा, परत पाठवा" म्हणायचं. कुणाची हळदीची रेघ, कुणाचं स्वस्तिक, कुणाच्या नावापुढे दोन 'श्री'. सगळा गाव करायचा, मीही करायचो, आणि त्यात काही वावगं आहे असं देवाशपथ कधी वाटलं नाही.

मास्तरांना हे पुरतं ठाऊक. म्हणून नॉटपेड आलं की ते पाकीट पालथं धरत आणि गजांआडून विचारत, "घेणार की नाही?"

"अहो, बघू तरी द्या कुणाचं आहे!"

"घेणार की नाही?"

लोक माना वाकड्या करकरून बघायचे. एक जण तर खिडकीखाली उकिडवा बसून खालून बघायचा. मास्तर पाकीट छातीशी धरायचे.

ह्या सगळ्याला वैतागून मी अर्ज लिहिला. तीन पानी. पुड्या, पालथी पाकिटं, आजोबांचं नाव, सगळं घातलं. खाली गावाने सह्या केल्या, बायने अंगठा उठवला. पण अर्ज टाकणार कुठे? कल्याणला जायचं ठरवलं होतं, तेवढ्यात चौकीवर काम निघालं. म्हटलं, भीती कुणाच्या बापाची! गेलो खिडकीवर आणि दिलं पाकीट आत.

मास्तरांनी वरचा पत्ता वाचला. पोष्टाच्या सुपरिंटेंडेंट साहेबांचा. डोळे मिटून पाकीट तोललं. "दीड तोळा. पुष्कळ लिहिलंत."

मी तिकिटाचे पैसे पुढे सरकवले.

"पण पत्ता चुकलाय. साहेबांची कचेरी ह्या वर्षी हलली. असंच पाठवलंत तर महिनाभर फिरत राहील." त्यांनी लेखणी बुडवली, माझा पत्ता खोडला, आणि वळणदार अक्षरात नवा घातला. मग म्हणाले, "आणि रजिस्टर करा. तक्रार आहे. गहाळ झाली तर पोष्टावर बोल यायचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रजिस्टर केलं. पावती हातात घेतली तर खिडकीतून हात तसाच पुढे. "पुडी राहिली."

घंगाळात पगडी गेली ती त्या दिवशी.

ते दिवस माझे तसे काळजीचेच होते. आमचं कुटुंब पहिलटकरीण म्हणून माहेरी गेलं होतं. माहेर मुरबाडच्याही पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी. सासरे भिक्षुकी करणारे, काटकसरी. निघताना त्यांच्याशी ठरलं होतं की मुलगी झाली तर नॉटपेड पाकिटावर कुंकवाचा एक ठिपका, मुलगा झाला तर दोन. आत कोरा कागद. दोन्ही जिवांची खुशाली आहे असं समजून मी पाकीट नाकारायचं. काही वाईट घडलं तरच तिकीट लावलेलं पत्र यायचं. त्यामुळे रोज सकाळी खिडकीवर जाताना मी देवाला एकच मागायचो, तिकीट लावलेलं नको.

आश्विनातल्या एका सकाळी गेलो. बाजाराचा दिवस, खिडकीवर दहाबारा माणसं. मास्तरांनी मला पाहिलं आणि पाकीट पालथं धरलं. "नॉटपेड आहे. घेणार की नाही?"

माझा जीव असा हलका झाला! पण ठिपके किती? मी गजाला गाल लावून मान वाकडी केली, आणि मास्तरांच्या अंगठ्याशेजारी मला ते दिसले. दोन! मी ओरडलोच, "नको! परत पाठवा! बाय, मुलगा झाला!"

"पेढं काढा, कारकून!" बाय मागून म्हणाली.

मी वळलो, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "थांबा." त्यांनी पाकीट तळहातावर घेतलं होतं, डोळे मिटले होते. "हे रिकामं नाही."

"आत कोरा कागद असतो मास्तर, तुम्हाला माहीत आहे."

"एक असतो. हे दोन आहेत आणि वर शाई आहे. कोरे कागद दोन कोण पाठवतं? शिवाय पाकीट एकदा उकलून पुन्हा चिकटवलंय. सोडवून घ्या."

लोक हसायला लागले आणि माझं डोकं फिरलं. आज वाटतं, जीभ झडली असती तर बरं. मी म्हणालो, "पुड्या खपवता ते पुरलं नाही का तुम्हाला? आता माझ्या पोराच्या जन्मावरही धंदा करणार? मूलबाळ असतं म्हणजे कळलं असतं!"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कनवटीचा आणा सोडून स्वतः सरकारी पेटीत टाकला. पाकिटावर शिक्का मारला, सुलटं केलं आणि गजांतून बाहेर सरकवलं. "सुटलं. आता वाचा."

मी फोडलं. दोन कागद होते. सासऱ्यांनी लिहिलं होतं की मुलगा झाला, ठिपके घालून पाकीट तयार केलं, हरकाऱ्याची वाट पाहत होतो, तेवढ्यात बाळंतिणीला हुडहुडी भरून ताप आला. दिवसाआड येतो. तीन पाळ्या झाल्या, वैद्यबुवांचे काढे चालत नाहीत, अंगात त्राण उरलेलं नाही. दुसरं पाकीट नाही, गावात तिकीट नाही, म्हणून हेच उकलून लिहिलं. तुमच्या बाजूस कोयनेल मिळत असल्यास जास्तीत जास्त घेऊन तातडीने निघावे. आणखी दोनतीन पाळ्या सोसवतील असं दिसत नाही.

ते पाकीट मी हसत हसत परत पाठवणार होतो.

"मास्तर," मी म्हणालो, "कोयनेल द्या. असतील तेवढ्या पुड्या द्या."

मास्तरांनी मागची पेटी उघडून माझ्याकडे वळवली. रिकामी! सकाळी त्यांनी स्वतः खाल्ली ती शेवटची. "मागणी केली आहे. आठ दिवस लागतील," ते म्हणाले. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "तुमच्या घरी किती आहेत?"

मी निवडुंगाकडे पाहिलं. मला रडू फुटलं. भर बाजारात, मिठाच्या चौकीचा कारकून, मी लहान मुलासारखा रडलो. घरी असतील सातआठ, म्हटलं.

"वीस तरी हव्यात," मास्तर म्हणाले, आणि उठून उभे राहिले. खिडकीतून डोकं बाहेर काढायचा प्रयत्न केला, गज आडवे आले, म्हणून पहिल्यांदाच ते ओटीवर बाहेर आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आज उलटा व्यवहार आहे! घरची पुडी आणेल त्याला कार्ड. पुडी नाही, तर कार्ड नाही, तिकीट नाही, पत्रही नाही!"

एकच गिल्ला झाला. "हा काय जुलूम!" एक जण म्हणाला, "कालपर्यंत घ्या घ्या, आज द्या द्या!" दुसरा म्हणाला, "आमचा पैसा पडलाय त्यात!" पण बाय कुणाचं ऐकत थांबली नाही. तिने कनवटीची गाठ सोडली, आतून एकावर एक रचलेल्या अकरा पुड्या काढल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. मला वाटायचं ती फेकून देत असेल.

"कशाला फेकू? पैसा मोजलेला," ती म्हणाली. "रड नको रे पोरा. जा बिगीन, सुनेला घाल." मग बाकीच्यांकडे वळली. "उभं काय ऱ्हायलाव? घरा जावा नि आना!"

आणि माणसं गेली हो! शिव्या देत गेली आणि पुड्या घेऊन आली. कुणी कोनाड्यातली, कुणी गूळ बांधायला कागद घेतला म्हणून नुसती पानात बांधलेली पूड. मास्तर एकेक पुडी तळहातावर घेऊन तोलत होते. ओल लागलेली बाजूला काढत होते, वजनाला कमी भरली तर आणणाऱ्याकडे चष्म्यावरून बघत होते. तासाभरात चौतीस पुड्या झाल्या. त्या त्यांनी सरकारी मेणकापडात बांधल्या, वर लाखेचा शिक्का मारला आणि मला विचारलं, "नाव?"

मी आजोबांपर्यंत सगळं सांगितलं.

कल्याणला जाऊन मी बैलगाडी केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. तापाची पुढची पाळी यायच्या आत पहिल्या दोन पुड्या पोटात गेल्या. बाळंतिणीने तोंड असं केलं की सासूबाई घाबरल्या. मास्तर ज्या पुड्या तोंडाची रेघ न हलवता खात, त्या कसल्या होत्या हे मला तेव्हा कळलं. पाचव्या दिवशी ताप हटला. दहाव्या दिवशी ती माझ्याशी भांडली, तेव्हा मी निर्धास्त झालो.

गावी परतलो तर पोष्टाचे इन्स्पेक्टर येऊन बसलेले. माझा अर्ज बरोबर ठिकाणी पोचला होता ना! साहेबांनी मला बोलावलं. मास्तर बाजूला उभे.

"हा अर्ज तुमचा?"

"माझा."

"ह्यातला मजकूर खरा?"

"अक्षर न् अक्षर खरा, साहेब. फक्त मागे घ्यायचाय."

साहेबांनी पगडी मागे सारून डोकं खाजवलं. मग त्यांनी बायला विचारलं. ती म्हणाली, "जुलूम हाय सायेब, मोठा जुलूम हाय. पन ह्याला हलवू नको."

पण हलवलंच. शिक्षा म्हणून नव्हे. ह्या एवढ्याशा पोष्टात पुड्या खपल्या तेवढ्या जवळपास कुठे खपल्या नव्हत्या, हे त्या चौकशीत साहेबांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी मास्तरांना घाटावरच्या मोठ्या पोष्टात बढती दिली. म्हणजे अर्ज मी केला, आणि मास्तर आमच्या हातचे गेले! निघताना मी त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागितली. त्यांनी माझा हात हातात घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "मुलगा किती भरला?"

"तोलला नाही."

"तोलायचा," ते म्हणाले आणि गाडीत बसले. त्यांनी माझा आणा काही केल्या घेतला नाही.

नवे मास्तर भले गृहस्थ होते. नाव विचारत नसत, नॉटपेड पाकीट सुलटं धरत, मागेल त्याला नुसतं कार्ड देत. कुणाची काही तक्रार नव्हती. आम्ही नवराबायको मात्र आश्विन लागला की स्वतः मागून पुड्या घ्यायचो.

चारपाच वर्षांनी एकदा टपालवाला दारात आला. नॉटपेड पाकीट. अक्षर मी ओळखलं, माझ्या अर्जावरचा पत्ता त्याच अक्षरात होता. कोपऱ्यावर खूण काहीच नव्हती. कुटुंब आतून म्हणालं, "अहो, बघितलंत ना अक्षर? खुशाल असतील. द्या परत." पण मी ते तळहातावर घेतलं. मास्तरांइतकं मला जमत नाही, तरी आत काहीतरी होतं एवढं लागलं. दुप्पट भरून मी ते सोडवलं.

आत ना पत्र, ना ओळ. नुसती कोयनेलची एक पुडी.

कुटुंब पदर तोंडाला लावून किती वेळ हसत होतं. "विकलीच बाई त्यांनी तुम्हाला! तीसुद्धा घाटावरून!"

मग तिने मुलाला धान्याच्या तागडीत बसवलं आणि त्याचं वजन मला सांगितलं. पण ते मी लिहिलं नाही. एक पाकीट घेतलं, आत एकच कागद घातला, कोरा. तिने कोपऱ्यावर कुंकवाचे दोन ठिपके दिले. मागच्या बाजूला मी माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं नीट लिहिलं, म्हणजे नाकारलं तर बिनचूक परत येईल. आणि तिकीट न लावता पेटीत टाकलं.

महिनाभर मी वाट पाहिली. हातात घेताक्षणी मास्तरांना कळलं असणार की पाकीट रिकामं आहे. ठिपके तर समोरच होते, खुशाली फुकटात समजली होती.

ते पाकीट परत आलं नाही.